फुप्फुसासाठी विषाणूवाहक जनुकीय उपचार: बातमी आली की ती तपासायची कशी

सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसात घट्ट, चिकट कफ साचवणारा जन्मजात जनुकीय आजार, असलेल्या मुलाच्या घरात 'जीन थेरपी निघाली म्हणे' ही बातमी अधूनमधून येऊन धडकतेच. कधी अमेरिकेतला मावसभाऊ लिंक पाठवतो, कधी शेजारचे काका वर्तमानपत्राचं कात्रण आणून देतात. बातमी बहुधा खोटी नसते. पण कुठला विषाणू, कुठल्या पेशीत जाणार, किती काळ टिकणार आणि आपल्या मुलाला तो लागू आहे का, हे जे आपल्याला हवं असतं ते तिच्यात सापडत नाही. ते कसं शोधायचं, ते इथे पायरी-पायरीने मांडलं आहे. आजार सिस्टिक फायब्रोसिसचाच घेतला आहे, कारण फुप्फुसाच्या जनुकीय उपचाराचा जवळजवळ सगळा इतिहास याच आजाराभोवती घडला. बायोटेक शिकणाऱ्या मुलांनाही शोधनिबंध वाचताना हाच क्रम उपयोगी पडेल.

मूळ कल्पना सोपी आहे. विषाणूला पेशीत शिरून आपली जनुकं आत सोडण्याची कला येते. त्याची वाढीला लागणारी जनुकं काढून टाकायची, त्या जागी रुग्णाला हवं असलेलं जनुक घालायचं आणि त्याला वाहक म्हणून पाठवायचं. हा झाला विषाणू वाहक, म्हणजेच व्हायरल वेक्टर. अडचण येते ती फुप्फुसात पोचल्यावर.

पायरी १: आजार आणि जनुक आधी पक्कं करा

ही पायरी कंटाळवाणी वाटते, आणि बरेच लोक इथेच घाई करतात. आपल्याकडे सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलाला आधी दमा, मग वारंवार होणारा न्यूमोनिया, मग क्षयरोग असे शिक्के बसत जातात. मूल सतत खोकतं, भरपूर खाऊनही वजन धरत नाही, शी तेलकट आणि उग्र वासाची होते, आणि पापी घेतली की गाल खारट लागतो. हे शेवटचं लक्षण आईच्या लक्षात पहिल्यांदा येतं, पण डॉक्टरांना कुणी ते सांगत नाही. जरूर सांगा.

खात्रीची पहिली तपासणी म्हणजे घामाची चाचणी. हातावर पायलोकार्पिन लावून सौम्य विद्युतप्रवाहाने घाम आणतात, तो गोळा करतात आणि त्यातलं क्लोराइड मोजतात. लिटरला ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त आलं तर निदान जवळजवळ पक्कं. ३० ते ५९ च्या मध्ये आलं तर पुढचा तपास लागतो.

त्यानंतर जनुकीय चाचणी. दोषी जनुकाचं नाव सीएफटीआर, जागा सातव्या गुणसूत्रावर. ते १९८९ मध्ये सापडलं; टोरांटोचे लॅप-ची त्सुई आणि जॅक रिऑर्डन आणि मिशिगनचे फ्रान्सिस कॉलिन्स यांचं हे काम. अहवाल हातात आला की तीन गोष्टी बघा. जनुकाच्या दोन्ही प्रतींत बदल सापडला आहे का? सापडलेला बदल 'पॅथोजेनिक', म्हणजे आजार घडवणारा, म्हटला आहे की 'महत्त्व अनिश्चित' या वर्गात टाकला आहे? आणि आई-वडिलांची चाचणी करून एक बदल आईकडून, एक वडिलांकडून आल्याची खातरजमा झाली आहे का? ही तिसरी गोष्ट अहवालात नसेल तर मागून घ्या.

युरोपीय वंशाच्या रुग्णांत एफ५०८डेल हा बदल सर्वांत जास्त आढळतो. भारतीय रुग्णांत त्याचं प्रमाण बरंच कमी आहे आणि इतर बदलांची विविधता मोठी आहे. याचा थेट परिणाम औषधावर होतो. २०१२ मध्ये आलेलं आयव्हाकाफ्टर आणि २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं ट्रायकाफ्टा ही औषधं बिघडलेल्या सीएफटीआर प्रथिनाला दुरुस्त करून कामाला लावतात. प्रथिन मुळात तयारच होत नसेल तर दुरुस्त कशाला करणार? अशा रुग्णांसाठी, म्हणजे साधारण दहातल्या एकासाठी, जनुकच नव्याने पुरवण्याची धडपड आहे. आणि जनुक पुरवायचं म्हटलं की मुलाचा बदल कुठला आहे याने फारसा फरक पडत नाही. भारतीय कुटुंबांना या संशोधनात रस वाटावा याचं हे खरं कारण.

दमा, धूम्रपानाने आलेली सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद होण्याचा जुनाट आजार) किंवा क्षयरोगाने उरलेले व्रण यांच्यामागे एकच बिघडलेलं जनुक नसतं. त्यासाठी कुणी 'जीन थेरपी' विकत असेल तर पुढच्या पायऱ्या वाचायची गरजच नाही, तिथून सरळ उठा.

पायरी २: जनुक नेमकं कुठल्या पेशीत हवं आहे?

फुप्फुसाचा आजार म्हटला की उपचार फुप्फुसातच व्हायला हवा, असं नाही. अल्फा-१ अँटिट्रिप्सिन कमी असण्याचा आजार घ्या. फुप्फुस झिजतं हे खरं, पण ते प्रथिन बनतं मुख्यतः यकृतात आणि रक्तातून फुप्फुसापर्यंत येतं. म्हणून संशोधकांनी वाहक थेट स्नायूत टोचून स्नायूलाच ते प्रथिन बनवायला लावलं. ते वर्षानुवर्षं बनत राहिलं, हे मोठं यश. पण रक्तातली पातळी संरक्षक समजल्या जाणाऱ्या पातळीच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच राहिली, म्हणून रुग्णाला उपयोग झाला नाही.

सीएफटीआर मात्र रक्तातून पाठवण्याजोगं नाही. ते पेशीच्या आवरणात बसलेलं क्लोराइडचं दार आहे. ज्या पेशीला हवं त्याच पेशीत बनावं लागतं. ती पेशी म्हणजे श्वासनलिकांच्या आतल्या अस्तरातली. २०१८ मध्ये या अस्तरात आयनोसाइट नावाच्या विरळ पेशी सापडल्या, ज्यांत सीएफटीआर भरपूर असतं. त्या आल्याने 'लक्ष्य कोण' हा वाद नव्याने सुरू झाला, आणि तो अजून मिटलेला नाही.

किती पेशी दुरुस्त झाल्या म्हणजे पुरे? १९९२ मध्ये प्रयोगशाळेत निरोगी आणि आजारी पेशी मिसळून पाहिलं, तेव्हा ६ ते १० टक्के पेशी चांगल्या असल्या तरी क्लोराइडची वाहतूक जवळपास निरोगी पातळीला आली. पण २००९ मध्ये चिकट कफ पुढे सरकतो का, हे तपासलं तेव्हा २५ टक्क्यांच्या आसपास पेशी लागल्या. बातमीत 'दहा टक्के पेशी पुरतात' असं वाचलंत की कशासाठी पुरतात, हे विचारा.

पायरी ३: वाहक ओळखा

इथे वेळ द्या. बातमीतला एखादा शब्द, 'अ‍ॅडिनो', 'एएव्ही', 'लेंटी' किंवा 'हर्पिस', सापडला की अर्धं चित्र स्पष्ट होतं.

अ‍ॅडिनोव्हायरस हा सर्दी-खोकल्याचा विषाणू. श्वसनमार्गाचा नेहमीचा पाहुणा, म्हणून पहिली निवड साहजिकच त्याची झाली. १९९३ मध्ये अमेरिकेत रोनाल्ड क्रिस्टल यांच्या गटाने सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांच्या नाकात आणि श्वासनलिकेत सीएफटीआर घेऊन जाणारा अ‍ॅडिनोव्हायरस सोडला. त्याच सुमारास आयोवात मायकेल वेल्श यांच्या गटाने नाकाच्या अस्तरावर प्रयोग केला. जनुक सापडून चारच वर्षं झाली होती. उपचार आता हाताशी आला अशीच हवा होती. प्रत्यक्षात मोठ्या डोसनंतर एका रुग्णाच्या फुप्फुसाला दाह झाला, आणि जनुकाचं काम चाललं तरी थोडेच दिवस. शिवाय हा विषाणू पेशीचा ज्या 'कार' नावाच्या प्रथिनाला पकडून आत शिरतो, ते प्रथिन अस्तराच्या हवेकडच्या बाजूला नाही, खालच्या बाजूला असतं. घराचं दार मागच्या अंगणात आणि आपण रस्त्यावर उभे राहून कडी वाजवतोय, असा प्रकार.

मग आला एएव्ही, म्हणजे अ‍ॅडिनो-असोसिएटेड विषाणू. माणसाला आजारी पाडत नाही, तुलनेने शांत. पण त्याची क्षमता फार तोकडी. हा हिशेब स्वतः करून बघण्यासारखा आहे. एएव्हीत साधारण ४,७०० अक्षरांचा डीएनए मावतो. सीएफटीआर प्रथिनात १,४८० अमिनो आम्लं. प्रत्येकाला तीन अक्षरं आणि शेवटी थांबण्याची खूण, म्हणजे ४,४४३. विषाणूच्या दोन्ही टोकांना त्याचे स्वतःचे १४५-१४५ अक्षरांचे तुकडे ठेवावेच लागतात. बेरीज ४,७३३. जनुक चालू करणारं बटण, म्हणजे प्रमोटर, ठेवायला जागाच उरली नाही.

टारगेटेड जेनेटिक्स या अमेरिकी कंपनीने त्यावर तोडगा काढला: टोकाच्या तुकड्यांकडूनच प्रमोटरचं काम करून घेतलं. ते फारच कमजोर निघालं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०२ रुग्णांच्या चाचणीत हा वाहक नेब्युलायझरने दोनदा दिला. सुरक्षित ठरला, पण फुप्फुसाच्या क्षमतेत प्लासिबोपेक्षा, म्हणजे तुलनेसाठी दिलेल्या औषध नसलेल्या फवाऱ्यापेक्षा, सुधारणा दिसली नाही. गंमत म्हणजे त्याआधीच्या छोट्या चाचणीत सुधारणेची झलक दिसली होती. छोट्या चाचणीच्या आनंदवार्तेकडे सबुरीने बघायचं ते याचमुळे.

आता ही अडचण दोन वाटांनी सोडवायचा प्रयत्न आहे. फोरडीएमटी कंपनीच्या ४डी-७१० मध्ये जनुकाचा एक भाग वगळून ते छोटं केलं आहे आणि श्वासनलिकेच्या पेशीत नीट शिरेल असं बाह्यकवच निवडलं आहे. क्रिस्टल बायोटेकच्या केबी४०७ ने विषाणूच बदलला: हर्पिस सिम्प्लेक्स. त्याचा मूळ जनुकसंच दीड लाख अक्षरांचा, त्यामुळे जागेची चिंता नाही. याच कंपनीचं हर्पिस वाहक वापरणारं त्वचेचं औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आहे. पण हर्पिसचा वाहक पेशीच्या गुणसूत्रात जोडला जात नाही. पेशी बदलल्या की परिणाम जातो, म्हणून तो पुन्हा पुन्हा द्यावा लागणार हे गृहीत धरूनच ही योजना आहे.

लेंटिव्हायरस हा एचआयव्हीच्या कुळातला. वाहक म्हणून वापरताना त्याचे भाग वेगवेगळ्या तुकड्यांत विभागतात, जेणेकरून तो स्वतःहून वाढू शकत नाही. तो आपलं जनुक पेशीच्या गुणसूत्रातच जोडतो, म्हणून परिणाम दीर्घकाळ टिकण्याची आशा. पण फुप्फुसाच्या अस्तरात त्याला स्वतःहून शिरता येत नाही. ब्रिटनमधल्या संशोधकांनी माकडांमधल्या लेंटिव्हायरसला सेंडाई या श्वसनविषाणूची एफ आणि एचएन ही पृष्ठभागावरची प्रथिनं लावली. ती हवेकडच्या बाजूला असलेल्या साखरेच्या रेणूंना चिकटतात, म्हणजे समोरच्या बाजूनेच आत जाता येतं. बोहरिंगर इंगलहाइम कंपनीसोबत हा वाहक २०२४ मध्ये 'लेंटिक्लेअर १' या नावाने मानवी चाचणीत उतरला, आणि तोही ट्रायकाफ्टासारख्या औषधांचा फायदा न होणाऱ्या प्रौढांसाठी. माझ्या मते सध्याच्या चाचण्यांत सर्वांत बारकाईने नजर ठेवावी अशी हीच.

पायरी ४: आत कसा सोडणार, ते वाचा

नेब्युलायझर घरात असतोच, म्हणून 'वाफेतून देणार' हे सोपं वाटतं. थेंबाचा आकार एक ते पाच मायक्रॉनमध्ये बसावा लागतो. मोठे थेंब घशातच अडकतात, फार लहान बाहेर फेकले जातात. त्यात विषाणूचं कवच फवारणीने फुटायला नको. आणि आत पोचल्यावर वाट अडवायला चिकट कफ आहेच, जो या आजारात निरोगी माणसापेक्षा कितीतरी घट्ट असतो. ज्या फुप्फुसात उपचाराची गरज सर्वांत जास्त, तिथेच वाहकाला पोचायला सर्वांत अवघड. म्हणून चाचणीत प्रवेशासाठी फुप्फुसाची क्षमता अमुक टक्क्यांच्या वर हवी, अशी अट असते. कुटुंबाला ती क्रूर वाटते, पण तिच्यामागे हेही एक कारण आहे.

पायरी ५: दुसरा डोस चालेल का?

हा प्रश्न बातमीत जवळजवळ कधीच नसतो, आणि पालकांनी पहिला विचारावा असा हा आहे. शरीर विषाणूचं कवच ओळखतं आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. एएव्हीच्या काही प्रकारांविरुद्ध ती बऱ्याच लोकांच्या रक्तात आधीपासूनच असतात, कारण लहानपणी तो विषाणू नकळत येऊन गेलेला असतो. म्हणून अनेक चाचण्यांत आधी रक्त तपासून अशा लोकांना वगळतात.

एकदा एएव्ही घेतला की प्रतिपिंडं वाढतात, आणि पुढे आणखी चांगला एएव्ही निघाला तरी तो घेता न येण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा चाचणीत नाव घालण्याआधी संशोधक डॉक्टरांना हे दोन प्रश्न विचारा: 'यानंतर याच प्रकारच्या दुसऱ्या उपचाराला मी पात्र राहीन का?' आणि 'परिणाम ओसरला तर तुमची योजना काय?' उत्तर लेखी मिळालं तर उत्तम.

पायरी ६: निकाल वाचताना चार पायऱ्या वेगळ्या ठेवा

जनुक पेशीत पोचलं, त्यातून आरएनए (प्रथिन बनवण्याचा निरोप नेणारा रेणू) बनला, आरएनएपासून प्रथिन बनलं, आणि रुग्णाला बरं वाटलं, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. टारगेटेड जेनेटिक्सच्या वाहकाच्या सुरुवातीच्या चाचण्यांत श्वासनलिकेतून ब्रशने काढलेल्या पेशींत जनुकाचा डीएनए सापडला, पण त्यापासून बनलेला आरएनए हाती लागला नाही. 'जनुक यशस्वीपणे पोचवलं' हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या खरं, आणि रुग्णाच्या दृष्टीने पोकळ.

शेवटच्या पायरीचं माप म्हणजे एफईव्ही१: जोरात फुंकर मारल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा. स्पायरोमेट्री केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की हा आकडा आज एक, तर उद्या थोडा वेगळा येतो. म्हणून प्लासिबो गटाशी तुलना असल्याशिवाय सुधारणेचा आकडा मनावर घेऊ नका. ब्रिटनमध्ये विषाणू न वापरता, चरबीच्या थेंबांत जनुक बांधून एक वर्ष दरमहा देण्याची मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २०१५ मध्ये आले. त्यात प्लासिबोपेक्षा ३.७ टक्क्यांचा फरक आला आणि मथळे झळकले. खोलात गेलं की कळतं, उपचार घेणाऱ्यांची क्षमता जवळपास स्थिर राहिली आणि प्लासिबो गटाची घसरली. तेही काही कमी नाही. पण 'सुधारणा' आणि 'घसरण थांबणं' यात रुग्णाच्या रोजच्या जगण्यात मोठा फरक आहे.

पायरी ७: धोका

१९९९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या चाचणीत १८ वर्षांच्या जेसी गेल्सिंगरचा मृत्यू झाला. आजार यकृताचा होता, वाहक अ‍ॅडिनोव्हायरस. शरीराची प्रतिक्रियाच आवरली नाही. पॅरिसमध्ये प्रतिकारशक्तीच्या एका जन्मजात आजारावरच्या चाचणीत, गुणसूत्रात चुकीच्या जागी जनुक जोडलं गेल्याने काही मुलांना रक्ताचा कर्करोग झाला. तो जुन्या धाटणीचा रेट्रोव्हायरस होता. आजचे लेंटिव्हायरस त्यानंतरच अधिक सुरक्षित केले गेले. धोका कमी झाला, शून्य झाला नाही. गुणसूत्रात जोडणाऱ्या वाहकांसाठी अमेरिकी औषध प्रशासन रुग्णावर १५ वर्षं नजर ठेवायला सांगतं, एएव्हीसाठी पाच वर्षांपर्यंत. संमतिपत्रात हा कालावधी दिसला नाही तर विचारा.

पायरी ८: भारतात राहून काय करता येईल

लेंटिव्हायरस आपल्याकडे नवखा नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभी राहिलेली रक्ताच्या कर्करोगावरची नेक्सकार१९ ही चिकित्सा ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली, तिच्यात रुग्णाच्या पेशींत जनुक घालायला लेंटिव्हायरसच वापरतात. वेल्लोरच्या सीएमसीत (क्रिश्चन मेडिकल कॉलेज) हिमोफिलियावर लेंटिव्हायरसचा उपचार झाला आणि त्याचे निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पण दोन्हींत पेशी शरीराबाहेर काढून, बदलून परत दिल्या. फुप्फुसाचं अस्तर असं काढून आणता येत नाही, म्हणून 'तिकडे झालं, मग इकडे का नाही' या प्रश्नाला सोपं उत्तर नाही.

कुठलीही चाचणी भारतात सुरू झाली असं कळलं की आधी सीटीआरआय, म्हणजे भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीच्या संकेतस्थळावर जा. आजाराचं इंग्रजी नाव टाकून शोधा. नोंद सापडली तर प्रायोजक कोण, केंद्रं कुठली, वयाची अट काय, आणि नैतिकता समितीची मंजुरी 'मिळाली' आहे की 'प्रलंबित', एवढं बघा. परदेशातल्या चाचण्यांसाठी अमेरिकेची क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही नोंदणी आहे. तिथले नातेवाईक उत्साहाने नाव सुचवतात, पण अनेक चाचण्यांना वारंवार तपासणीला हजर राहावं लागतं, हे आधी त्यांनाच समजावून सांगा.

२०१९ च्या नव्या औषध नियमांनुसार जनुकीय उपचाराचं उत्पादन कायम 'नवं औषध' मानलं जातं, म्हणजे केंद्रीय औषध नियामकाच्या परवानगीशिवाय त्याची चाचणी करता येत नाही. त्याच वर्षी आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, जनुकीय उपचारांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही काढली. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई हा सहभागी माणसाचा हक्क आहे. मूल सात वर्षांपुढचं असेल तर त्याचीही होकारवजा संमती घेतली जाते. ती केवळ सही समजू नका, त्याला बसून समजावा.

दरम्यान एक फाइल तयार ठेवा. घामाच्या चाचणीचा मूळ अहवाल, जनुकीय चाचणीचा पूर्ण अहवाल (फक्त पहिलं पान नाही), दर काही महिन्यांची स्पायरोमेट्री, बेडक्याच्या कल्चरचे निकाल, आणि आत्तापर्यंत घेतलेली औषधं तारखांसह. मुंबईचं केईएम हे दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाखालचं उत्कृष्टता केंद्र आहे. महाराष्ट्रातल्या कुटुंबांनी तिथे नोंद करण्याविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. चाचणीच्या प्रवेशाची खिडकी उघडते तेव्हा थोडीच उघडते, आणि ज्यांच्याकडे हे कागद तयार असतात त्यांची तपासणी लवकर होते.

आणि कुणी क्लिनिक 'आमच्याकडे जीन थेरपीची चाचणी आहे, पॅकेज इतके लाख' असं म्हणालं, तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागा. खऱ्या चाचणीत प्रायोगिक औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत.